लष्कर आणि गाव : व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं पुणं पायी शोधायचं असेल तर

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत पणजोबांची जमाखर्चाची वही सापडली, तिथून माझं हे वेड सुरू झालं. ते कोकणातून शिकायला पुण्यात आले होते आणि वार लावून जेवत होते. म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. वही मोडी लिपीत आहे. 'कागद दस्ता', 'शाई', 'बोरू', 'दिव्यास तेल', 'नाटकास' अशा एकेका ओळीपुढे आणे-पै मांडलेले. वही वाचायला मला दोन वर्षं लागली. ती वाचून त्या ओळींमधलं पुणं शोधायला त्याहून जास्त लागली, कारण सुरुवात कुठून करायची हे सांगणारं कुणी भेटलं नाही. तुमची तशी पायपीट होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. १८६० ते १९०० या काळात पुणं हे एक शहर नव्हतंच. इकडे पेठांचं गाव आणि तिकडे इंग्रजांची छावणी, म्हणजे जुने पुणेकर आजही ज्याला 'लष्कर' म्हणतात ते. बाजार दोन, शाळांच्या दोन परंपरा, करमणुकीच्याही दोन तऱ्हा. फक्त कॅम्पात फिरलात तर साहेबाचं पुणं दिसेल, फक्त पेठांत फिरलात तर टिळक-आगरकरांचं. दोन्ही जोडून पाहिलं तरच तो काळ कळतो.

१. घराबाहेर पडण्याआधी जुन्या-नव्या नावांची यादी करा

माझा पहिला अख्खा रविवार वाया गेला तो नावांमुळे. 'कॅनॉट मार्केट कुठे आहे?' असं कॅम्पात विचारत हिंडलो आणि कुणालाच सांगता येईना. मी उभा होतो त्याच्याच दारात, फक्त आता त्याचं नाव शिवाजी मार्केट आहे. म्हणून ही यादी उतरवून खिशात ठेवा:

- रे मार्केट : महात्मा फुले मंडई
- कॅनॉट मार्केट : शिवाजी मार्केट
- मेन स्ट्रीट : महात्मा गांधी रस्ता
- ईस्ट स्ट्रीट : जनरल थिमय्या रस्ता
- सोल्जर्स गार्डन : एम्प्रेस गार्डन
- फिट्झगेराल्ड पूल : बंडगार्डनचा जुना पूल
- गव्हर्नमेंट हाउस, गणेशखिंड : विद्यापीठाची मुख्य इमारत
- पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी : पुणे नगर वाचन मंदिर
- पूना कॉलेज : डेक्कन कॉलेज
- लाल देऊळ : ओहेल डेव्हिड सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ)
- गंज पेठ : महात्मा फुले पेठ
- किरकी : खडकी

जुन्या कागदांत पहिलं नाव येतं, रस्त्यावरच्या पाटीवर दुसरं. रिक्षावाल्याला मात्र बऱ्याचदा तिसरंच सांगावं लागतं. मेन स्ट्रीटला सगळे 'एम्. जी. रोड' म्हणतात आणि ईस्ट स्ट्रीट मात्र अजून ईस्ट स्ट्रीटच आहे.

२. सोबत काय घ्यायचं

सरकारी ओळखपत्र मूळ आणि त्याच्या दोन प्रती, पासपोर्ट आकाराचे दोन फोटो, वही-पेन्सिल, पाणी, आणि शाळा किंवा ग्रंथालयात द्यायला एक साधा विनंती अर्ज. अर्ज मराठीत आणि इंग्रजीत असे दोन करून ठेवा: तुम्ही कोण, काय पाहायचं आहे, कशासाठी, किती वेळ. जिथे फक्त शाईचं पेन आणि फोन घेऊन गेलो, तिथे जुने अंक समोर येऊनही उतरवून घेता आले नाहीत. जुन्या कागदांजवळ शाईचं पेन नेऊ देत नाहीत, ते योग्यच आहे. म्हणून पेन्सिल.

३. तारीख, पैसा आणि मापं आधी समजून घ्या

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण इथे चुकलात तर पुढचं सगळं चुकेल.

शकाचं साल इसवीत करायचं तर ७८ मिळवा. पौषाच्या सुमारापासून फाल्गुनापर्यंतच्या नोंदी असतील तर ७९, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं. पणजोबांच्या वहीत 'शके १८०८, कार्तिक' आहे, म्हणजे १८८६ चा हिवाळा तोंडावर आलेला.

रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे किंवा १२ पै. म्हणजे रुपयाला १९२ पै. पैसा आणि पै एक समजू नका, मी समजलो होतो आणि महिनाभराचा हिशेब जुळेना. वजनात ८० तोळ्यांचा सरकारी शेर साधारण ९३३ ग्रॅमचा, ४० शेरांचा मण, २० मणांची खंडी. पण गावोगावची जुनी मापं वेगळी असत, तेव्हा प्रत्येक ठिकाणी हाच शेर धरून चालू नका.

४. सकाळची सुरुवात मंडईपासून करा

मेट्रोचं मंडई स्थानक आता अगदी जवळ आहे. सकाळी आठच्या आत पोचा. घाऊक बाजार केव्हाच गुलटेकडीला मार्केट यार्डात गेला, तरी किरकोळ भाजीची लगबग त्या वेळी असते आणि ही वास्तू गजबजलेली असतानाच बघायला हवी. आधी बाहेरून एक फेरी मारा. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून चहूकडे फुटलेल्या पाखा. मग आत जाऊन एखाद्या गाळ्यासमोर थांबा. भाजीवाली मावशी उंच ओट्यावर बसलेली असते, आपण खाली उभे. पैसे द्यायला हात वर करावा लागतो. मालाचा ढीग तिच्या गुडघ्याशी आणि आपल्या छातीशी येतो. ही रचना समजून घ्यायला मी एकदा अर्धा तास नुसता उभा राहिलो. शेवटी मावशींनीच विचारलं, "भाऊ, घ्यायचंय काही का नुसतं बघायचंय?" मग अर्धा किलो घेवडा घेतला.

ही मंडई १८८६ मध्ये सुरू झाली, तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने. काम उभं केलं ते वासुदेव बापूजी कानिटकर यांनी. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणात, उघड्यावर भरत असे. मंडईहून शनिवारवाड्यापर्यंत चालत जा, वीस मिनिटं लागतील, आणि गावाची रोजची वर्दळ केवढी सरकली ते पायांना कळेल.

इथे एक गोष्ट माहीत असायलाच हवी. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते आणि या इमारतीवरच्या खर्चाला त्यांनी विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच इमारतीला फुल्यांचं नाव दिलं गेलं. बाजार बांधायचा की शाळा, हा वाद त्या काळात खरोखर झाला होता. मंडईत उभं राहून तो आठवला की पुढच्या टप्प्याला, शाळांकडे, जाताना मन तयार होतं.

मंडईलगतच्या तुळशीबागेत खरेदी जरूर करा, पण ती पेशवाईतली आहे. व्हिक्टोरियाच्या खात्यात घालू नका.

५. गावातल्या शाळा : तीन मुक्काम, दोन तास

मंडईतून विश्रामबागवाडा दहा मिनिटांवर. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा. १८२१ मध्ये इंग्रज सरकारने इथे संस्कृत पाठशाळा सुरू केली. तिचंच पुढे पूना कॉलेज आणि मग डेक्कन कॉलेज झालं, आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या नव्या इमारतीत गेलं. टिळक, आगरकर तिथलेच. वाड्याला १८७९ मध्ये आग लागली होती. त्याच आगीत जवळचा बुधवारवाडा जळून गेला. त्यामुळे आज दिसतं ते सगळं पेशव्यांच्या वेळचं नाही.

तिथून लक्ष्मी रस्त्याने हुजूरपागेकडे चला. पागा म्हणजे घोडे बांधायची जागा. पेशव्यांच्या घोड्यांच्या जागी आज मुलींचं हायस्कूल आहे, ते सुरू झालं २९ सप्टेंबर १८८४ ला. बाहेरूनच पाहा. मुलींची शाळा आहे, शाळेच्या वेळेत फाटकाशी फोन काढून रेंगाळू नका.

भिडेवाडा, जिथे १८४८ मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली, तो बुधवार पेठेत होता. मोडकळीला आलेली ती इमारत २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडली. जुन्या फोटोवर भरवसा ठेवून गेलात तर चुकामूक होईल. दगडूशेठ गणपतीच्या समोरची जागा म्हणून विचारा, कुणीही दाखवेल.

सगळ्यात मोठी फसगत इथेच होते: शाळेचं स्थापनेचं साल आणि इमारतीचं साल एक नसतं. न्यू इंग्लिश स्कूल १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी सुरू केलं, पण ते आजच्या रमणबागेच्या जागेत सुरू झालं नव्हतं. पाटीवर '१८८०' वाचून समोरच्या भिंतीला हात लावू नका. प्रत्येक ठिकाणी तीन रकाने करा: संस्था कधी, या जागेत कधी, ही इमारत कधी.

आणि शाळांच्या परवानगीबद्दल. एका शाळेत मी पत्र न देता गेलो आणि पहारेकऱ्याने फाटकावरूनच परत पाठवलं. दुसऱ्यांदा पत्र दिलं, ते हरवलं. तिसऱ्यांदा पोच घेतली आणि आठवड्याभरात काम झालं. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका. परीक्षा आणि प्रवेशाचे महिने टाळा. गणपतीच्या सुट्टीनंतरचे आठवडे बरे.

६. दुपारनंतर लष्कराकडे

स्वारगेटहून पूलगेटची बस घ्या आणि तिथून चालत मेन स्ट्रीट. कॅम्पातली जुनी दुकानं दुपारी बंद असतात, साडेतीन-चारनंतरच जा.

हा भाग समजायला रेल्वे लक्षात घ्यावी लागते. खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी १८५८ मध्ये आली. बोरघाटाचा रूळ १८६३ मध्ये झाला. मधली पाच वर्षं घाट पालखीत, घोड्यावर नाहीतर पायी उतरावा-चढावा लागे. घाट जोडला गेला आणि मुंबईच्या बंदरात उतरलेला विलायती माल लष्करातल्या दुकानांत सहज येऊ लागला. आता कॅम्पातल्या शाळांची सालं त्याशेजारी लिहा: कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी १८६०, बिशप्स १८६४, सेंट मेरीज १८६६, सेंट व्हिन्सेंट्स १८६७. सात वर्षांत चार शाळा. छावणी वाढत होती, गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांची वस्ती वाढत होती आणि गाडी आली होती. हे तीन धागे एकत्र धरले की ही सालं आपोआप पाठ होतात. लाल देऊळ आणि ससून रुग्णालयही याच दशकातली, दोन्हींमागे डेव्हिड ससून यांचं दातृत्व.

शिवाजी मार्केट, म्हणजे कॅनॉट मार्केट, हे मंडईचं लष्करी भावंड. दोन्ही १८८० च्या दशकातली, दोन्ही दगडी. व्हिक्टोरिया राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट तेव्हा मुंबईच्या फौजेचा सेनापती होता, त्याचं नाव दिलं. गावच्या मंडईत भाजी-फळं आणि इथे मटण-मासळीही, हा फरक नाकालाच कळतो. मार्च २०२१ मध्ये मार्केटला मोठी आग लागली होती, त्यामुळे कुठला भाग जुना आणि कुठला दुरुस्त केलेला हे तिथल्याच एखाद्या जुन्या दुकानदार काकांना विचारा. ते हात धरून दाखवतात.

त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्या सावकाश चाला. कोळसा गल्ली, ताबूत स्ट्रीट, सेंटर स्ट्रीट, भोपळे चौक, शरबतवाला चौक, साचापीर स्ट्रीट. सदर बाजारात, म्हणजे छावणीच्या बाजारात, कोण कोण राहायचं याची हजेरीच नावांनी दिली आहे: पारशी, बोहरी, मुसलमान, ख्रिस्ती, मारवाडी. दस्तूर मेहेर रस्त्यावर दोराबजींचं १८७८ पासूनचं खाणावळीचं दुकान आहे. भूक लागली असेल तर तिथे बिर्याणी किंवा धनसाक खा आणि मग पुढे जा. कयानीची बिस्किटं घ्याच, पण त्या बेकरीला 'इंग्रजांच्या काळातली' म्हणू नका, ती १९५५ ची आहे. कॅम्पात जे जुनं दिसतं ते सगळं राणीच्या काळचं समजायची सवय आपल्याला लागलेली असते.

सांभाळायचं एवढंच: लष्करी हद्दीच्या फलकांजवळ फोटो काढू नका आणि लाल देवळात आत जायचं असेल तर आधी विचारून ओळखपत्र घेऊन जा.

७. करमणूक : शक्य असेल तर पावसाळ्यात या

मुंबईचं सरकार पावसाळ्यात पुण्याला येत असे. गव्हर्नर गणेशखिंडीत, त्याच्यामागून कचेऱ्या, अधिकारी, मेमसाहेबा. म्हणून साहेबांच्या पुण्याचा 'सीझन' म्हणजे जून-जुलैपासून ऑक्टोबरपर्यंतचा. आजही पुण्याच्या घोड्यांच्या शर्यती त्याच दिवसांत होतात. ही जुनी सवय अजून टिकून आहे, ती डोळ्यांनी बघायची असेल तर शर्यतीच्या दिवशी रेसकोर्सला जा. शेजारीच एम्प्रेस गार्डन. जानेवारीत तिथलं फुलांचं प्रदर्शन असतं, तेव्हा गेलात तरी चालेल, पण गर्दीची तयारी ठेवा.

संध्याकाळी बंडगार्डनला पोचा. 'बंड' म्हणजे बंधारा. जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून मुळामुठेवर तो १८५० च्या सुमारास झाला, आणि १८६९ चा फिट्झगेराल्ड पूल शेजारी आहे. पुलाच्या टोकांवरचे दगडी सिंह बघायला विसरू नका. साहेबलोक संध्याकाळी इथे बग्गीतून हवा खायला आणि बँड ऐकायला येत. नदीकाठचा बोट क्लब १८६८ चा. आणि बॅडमिंटन : छावणीतले अधिकारी तो खेळ इतका खेळत की त्याला 'पूना' हे नावही पडलं होतं.

त्याच वर्षांत पेठांमधल्या रात्री कशा होत्या? ३१ ऑक्टोबर १८८० ला बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक रंगमंचावर आणले. दोन वर्षांनी 'सौभद्र' आलं. त्याआधी १८७४ मध्ये पुणे गायन समाज निघाला, १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला. उन्हाळ्याच्या संध्याकाळी लोक भाषण ऐकायला जात, आणि हीसुद्धा करमणूकच होती. १८९३ पासून सार्वजनिक गणपतीतले मेळे. आनंदोद्भव आज उभं नाही. बुधवारातून चालताना फक्त मनात धरायचं की इथे कुठेतरी तेलाच्या दिव्यांत, दाटीवाटीने बसून, लोकांनी रात्रभर पदांना 'वन्स मोअर' दिले. पणजोबांच्या वहीतली 'नाटकास' ही ओळ त्याच काळातली, पण कुठलं नाटक ते त्यांनी लिहिलं नाही. वार लावून जेवणाऱ्या मुलाने तेलाच्या खर्चात काटकसर करून नाटकाला पैसे काढले, एवढं मात्र हिशेबात स्पष्ट दिसतं.

गणेशखिंडीला वेगळा अर्धा दिवस द्या. २२ जून १८९७ ला राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची रोषणाई तिथे झाली आणि परतताना प्लेग अधिकारी रँडवर चाफेकरांनी गोळ्या झाडल्या. त्या वर्षी पुण्यात प्लेग होता. घरं तपासली जात होती, लोक गाव सोडून गेले होते. १८९६-९७ च्या शाळांच्या आणि दुकानांच्या नोंदींत खाडे दिसले तर वही हरवली असं समजू नका, गावच रिकामं झालं होतं.

८. कागदांकडे शेवटी वळा

हे मी मुद्दाम शेवटी सांगतो. आधी कागद वाचले तर ते नुसते शब्द राहतात, चालून आल्यावर ते जागेवर बसतात.

पहिला कागद मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधला पुण्याचा खंड. १८८५ मध्ये तीन भागांत निघाला, इंग्रजीत आहे, आणि राज्य सरकारच्या दर्शनिका विभागाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. तिसरा भाग उघडा, पुणे शहर आणि छावणी त्यात आहे. पण साल विसरू नका. १८८६ ला सुरू झालेली मंडई १८८५ च्या पुस्तकात भरलेली दिसणार नाही, आणि तेच फायद्याचं आहे, कारण मंडईआधीचं गाव त्यात आहे. शिवाय लिहिणारे सरकारी होते, तेव्हा पेठांबद्दलची मतं जपून घ्या.

दुसरे, वर्तमानपत्रांचे जुने अंक. 'ज्ञानप्रकाश' १८४९ पासूनचं, 'केसरी' १८८१ पासूनचा. बातम्यांपेक्षा जाहिराती आधी वाचा. कुठल्या दुकानात काय आलं, कुठल्या नाट्यगृहात कुठला खेळ, कुठल्या शाळेत प्रवेश कधी, हे सगळं तिथे मिळतं. यासाठी पुणे नगर वाचन मंदिर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ या दोन ठिकाणी विचारा. सदस्यत्व आणि वेळा आधी फोन करून घ्या. एका दिवशी एकच वर्ष मागा. मी एकदा पाच वर्षांचे अंक मागितले आणि दिवसभरात दोन महिनेच वाचून झाले.

तिसरा कागद तुमच्या घरात असेल. पत्र्याची पेटी, कोनाडा, देवघराचा खालचा खण उघडा. मोडी येत नसेल तर पुण्यात तिचे वर्ग भरतात, तीन-चार महिन्यांत जमाखर्च वाचण्याइतकी लिपी येते. पानं चिकटलेली असतील तर ओढू नका, आणि सेलोटेप अजिबात लावू नका. मी एका पानाला लावली होती, ते पान आता पिवळं पडून तुटतं आहे.

माझ्या वहीतलं शेवटचं जे वाचता आलं ते कार्तिकातलं, शके १८०८. 'नवे मंडईंतून भाजी' असं लिहून पुढे पै मांडल्या आहेत. मंडई उघडून तेव्हा महिनाही झाला नसेल.